कुणाचं काही अडलं नाही

वैद्यबुवांनी चेहरा पाडूनच घरात पाऊल टाकलं आणि याही वर्षी सुट्टी नामंजूर झाल्याचं वहिनींना न विचारता कळलं.

“काय म्हणाले साहेब?” तरी त्यांनी विचारलंच.

“म्हणाले, तुम्ही गेलात आणि सर्व्हर बसला तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार? खरंच आहे ते.”

हे ‘खरंच आहे ते’ म्हणताना त्या पडलेल्या चेहऱ्याच्या एका कोपऱ्यात समाधान चमकून गेलं आणि वहिनींनी ते अचूक टिपलं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांच्या डोळ्यांत बघणं हा त्यांचा रोजचा धंदा होता, आणि नवऱ्याचे डोळे तर त्यांना पाठच झाले होते.

वैद्यबुवा हे काही खरे वैद्य नव्हते. लहान मुलांसाठी कार्टूनचे सिनेमे करणाऱ्या एका कंपनीत ते सर्व्हर सांभाळत. सकाळी आल्या आल्या ते प्रत्येक यंत्राच्या अंगावर हात ठेवून ताप बघत आणि कान लावून श्वास ऐकत, म्हणून कंपनीने त्यांना ही पदवी दिली होती. त्यांच्या बायकोला सगळी कंपनी वहिनी म्हणे. आपणही तेच म्हणू, कारण दुसरं काही म्हटलेलं त्यांना चालेलच असं सांगता येत नाही.

“एखाद्याला शिकवून तयार का करत नाही?” वहिनी म्हणाल्या.

“केला होता. तो तयार झाला आणि दुसरीकडे मोठ्या जागेवर गेला.”

“मग यंत्रच तयार करा. एक सर्व्हर बसला की दुसरा त्याच्या जागी उभा राहील, असलं काही नसतं का तुमच्यात?”

वैद्यबुवा एकदम बुटाच्या नाडीत गुंतले. असतं. राखीव सर्व्हर नावाची चीज असते, आणि साहेबांनी त्यासाठी लागणारं यंत्र केव्हाचं आणूनही ठेवलं होतं. ते खोक्यातून बाहेर काढायला वैद्यबुवांना आजवर सवड झाली नव्हती. सध्या त्या खोक्यावर लोक चहाचे कप ठेवत.

हे सगळं नाडीची गाठ सुटेपर्यंत वहिनींनी वदवून घेतलं.

“म्हणजे तुम्हाला सुट्टी नकोच आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला फक्त सुट्टी मागायची असते. आणि ती कुणाला देता येऊ नये, अशी व्यवस्था ठेवायची असते. मी यंदा समुद्र बघणार आहे. तुमच्याबरोबर किंवा तुमच्याशिवाय. त्या खोक्यावरचे कप उद्या खाली उतरले पाहिजेत.”

कप दुसऱ्या दिवशी खाली उतरले.

एकदा काम हातात घेतलं की वैद्यबुवा त्यात बुडून जात, आणि बुडताना शेजारच्यालाही ओढत. त्या आठवड्यात वहिनींना स्वयंपाक करता करता सगळी विद्या मिळाली.

“हे बघ, आमचा सिनेमा एका यंत्रात मावत नाही. त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या नकला काढायच्या आणि वेगवेगळ्या यंत्रांत ठेवून द्यायच्या. एखादं यंत्र मेलं तरी तुकडा दुसरीकडे असतोच.”

“मग अडतं कुठे?”

“कुठला तुकडा कुठे ठेवलाय हे एकट्या मुख्य सर्व्हरला माहीत. आता हे तुझे डबे घे. एकावरही चिठ्ठी नाही. साखर कशात, मीठ कशात, तुला एकटीला ठाऊक. तू आजारी पडलीस की घरात सगळं असून आपण उपाशी.”

“मी आजारी होते तेव्हा तुम्ही चहात मीठ घालून दिलं होतंत.”

“तेच तर! म्हणून एक राखीव बाई स्वयंपाकघरात उभी करायची. तिने करायचं काही नाही. तू कशात काय ठेवतेस ते बघत राहायचं. आणि तू सारखं ‘मी आहे, मी आहे’ म्हणत राहायचं. तुझा आवाज थांबला की तिने झारा उचलायचा.”

“कोण बाई?”

“अगं, उदाहरण आहे.”

“उदाहरणात तुमची बहीण चालेल. दुसरी कुणी नको.” वहिनींनी गॅस बारीक केला. “आणि मी धडधाकट आहे, पण माझा घसाच बसला तर? तिच्या हातात झारा, माझ्याही हातात झारा. मग?”

वैद्यबुवांनी बायकोकडे अशा काही कौतुकाने पाहिलं, की लग्नानंतर इतक्या वर्षांनी वहिनी लाजल्या.

“हाच! हाच खरा प्रश्न! त्यासाठी साक्षीदार लागतो. तिसरं यंत्र. शंका आली की दोघींनी त्याला विचारायचं, झारा कुणाचा? तो म्हणेल ती खरी.”

“हा साक्षीदार असतो कुठे?”

“माझ्या टेबलाखाली,” वैद्यबुवा छाती फुगवून म्हणाले.

यंत्रणा मांडताना त्या यंत्रणेनेच वैद्यबुवांना पडद्यावर एक प्रश्न विचारला होता: साक्षीदारच गप्प बसला तर काय करायचं? वैद्यबुवांनी उत्तर भरलं, की ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवावं. सुट्टीत उगाच कुणी छळू नये, एवढाच त्यामागचा हेतू. हे त्यांनी जेवताना रंगवून सांगितलं आणि वहिनींनी कौतुकाने ऐकलं. घरात दोन शहाणी माणसं असून एकालाही ठसका लागला नाही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी वहिनी दुकान वैद्यबुवांच्या बहिणीवर, म्हणजे आपल्या नणंदेवर सोपवून जातीने कंपनीत हजर राहिल्या. सुट्टीचा निकाल आपल्या डोळ्यांदेखत लागावा अशी त्यांची इच्छा होती.

कंपनीला मजले दोन होते आणि पक्षही दोन. वरच्या मजल्यावर लेखिकाबाई गोष्टी रचत आणि चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घेत. खालच्या मजल्यावर कात्रीमामा ती चित्रं कापून जोडून सिनेमा करत. सध्या वाद पाणघोड्यावर चालू होता. पाण्याला घाबरणारा पाणघोडा शेवटी तलावात उडी मारतो, असं लेखिकाबाईंचं म्हणणं. उडी न मारता तो नुसता काठावर पाय सोडून बसतो आणि त्यातच खरी गंमत आहे, असं कात्रीमामांचं. फाइल एकच असल्यामुळे सकाळी लेखिकाबाई पाणघोड्याला पाण्यात ढकलत आणि दुपारी कात्रीमामा त्याला पुसून बाहेर बसवत. मग जिन्यात दोघांची गाठ पडे, आणि त्या वेळी जिना वापरायचा नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

“हं, वैद्यबुवा,” साहेब बाह्या सरसावून म्हणाले, “मुख्य सर्व्हर मारायचा ना? मी मारतो.”

आणि त्यांनी भिंतीतला प्लग खसकन उपटला.

सगळं गप्प झालं. मुख्य सर्व्हर गेला, राखीव गेला, खोलीतला दिवासुद्धा गेला. वैद्यबुवांनी दोन्ही सर्व्हर, आणि दिवाही, एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लावले होते आणि साहेबांनी नेमका त्या बोर्डाचा प्लग काढला होता. वरून लेखिकाबाई आणि खालून कात्रीमामा एकाच वेळी एकाच सुरात ओरडले. त्या दोघांचं एकमत झालेलं कंपनीने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

“मेला!” साहेब खूष होऊन म्हणाले. “आता दुसरा कधी उठतो?”

“तोही मेला,” अंधारातून वैद्यबुवांचा आवाज आला.

वहिनींनी अंधारातच नवऱ्याचं कोपर शोधून काढलं आणि चिमटा घेतला. मुद्दाम केलंत ना, असा त्या चिमट्याचा अर्थ होता. मुद्दाम केलं नव्हतं, पण माणसाच्या मनाचा भरवसा कुणी द्यावा?

मग वैद्यबुवांनी राखीव सर्व्हर उचलून खालच्या मजल्यावर नेला. त्याला वेगळी वीज दिली आणि दोघांचं बोलणं चालावं म्हणून जिन्याच्या कठड्यावरून एक वायर टाकली. पुन्हा सगळे जमले. साहेबांनी पुन्हा बाह्या सरसावल्या, डोळे मिटले आणि वरच्या सर्व्हरचा प्लग उपटला.

काही झालं नाही. लेखिकाबाईंचा पाणघोडा उडी मारतच राहिला. खाली कात्रीमामांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

“काहीच झालं नाही,” साहेब हिरमुसून म्हणाले.

“काहीच होऊ नये म्हणून तर केलंय, साहेब.”

“पण म्हणजे काहीच नाही? एखादी घंटा? एखादा लाल दिवा?”

“खालचा राखीव आता मुख्य झालाय. कुणाला कळलंसुद्धा नाही, यातच सगळं आलं.”

साहेबांनी प्लग पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. उजाडलं ते इतकं, की पुढचे चार दिवस त्यांना आवरणं कठीण गेलं. कुणी पार्सल घेऊन आला की त्याला ते सर्व्हरच्या खोलीत नेत. “ओढा,” म्हणत. “बिनधास्त ओढा.” पार्सलवाला घाबरत घाबरत ओढे, काही होत नसे, आणि साहेब टाळ्या पिटत. एकदा तर त्यांनी आपल्या सासऱ्यांना मुद्दाम बोलावून ओढायला लावलं.

सगळे हसत होते. वैद्यबुवा मात्र कोपऱ्यात उभे राहून आपल्याच यंत्राकडे जरा परक्यासारखे बघत होते. वहिनींना ते दिसलं, पण त्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र होता.

“सुट्टी मंजूर!” साहेब म्हणाले. “हवी तेवढी! आता तुमच्यावाचून काही अडत नाही.”

निघायच्या दिवशी वहिनी कंपनीच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं.

“कंपनीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांचा नंबर माझ्याकडे आहे,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. “सुट्टीत यांना एकाचाही फोन आला, तर त्याचा पुढचा चष्मा मी असा करून देईन, की त्याला जिना दिसायचा नाही. साहेब, तुमचा तर दोन महिन्यांत बदलायचाच आहे.”

साहेबांनी नकळत चष्मा हाताने धरला.

इकडे वैद्यबुवा टेबल आवरत होते. काटकसरी माणूस. वीज वाया गेलेली त्यांना बघवत नसे. त्यांनी पंखा बंद केला, दिवा बंद केला, खाली वाकून टेबलाखालचं यंत्र बंद केलं आणि हात झटकले. “बाई गं, किती काळजी घेता!” असं त्यांना बोलवायला आत आलेल्या वहिनींनी कौतुकानेही म्हटलं. आता पुढे काय झालं याचं खापर एकट्या वैद्यबुवांवर फोडता येणार नाही, ते यासाठी.

समुद्र छान होता. खोलीच्या खिडकीतून दिसायचा, जेवायच्या टेबलावरून दिसायचा, आणि पाय बुडवले की पायाखालची वाळू हळूच सरकायची. पहिल्या दिवशी वैद्यबुवा पोरासारखे लाटांमागे धावले. वहिनींनी त्यांचा फोटो काढला. फोटोत ते हसत होते, फक्त त्यांचा एक हात खिशातल्या फोनवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन उलटासुलटा करून पाहिला.

“इथे रेंज असते ना?”

“माझा फोन चालतोय.”

“एक रिंग दे बरं मला.”

वहिनींनी दिली. फोन खणखणीत वाजला. वैद्यबुवांनी तो उचलून “हॅलो” म्हटलं, समोरच बसलेल्या बायकोचा आवाज फोनमधून ऐकला आणि खिन्नपणे ठेवून दिला.

दुपारी त्यांना राहवेना. त्यांनी साहेबांना निरोप पाठवला: सगळं ठीक? लगेच उत्तर आलं: उत्तम. तुम्ही मजा करा.

“उत्तम म्हणतात,” वैद्यबुवा म्हणाले.

“मग चांगलंच की.”

“हो, चांगलंच. मी कुठे वाईट म्हणतोय?” असं म्हणून त्यांनी समोरची ताटली बाजूला सारली. वैद्यबुवांनी आयुष्यात पहिल्यांदा तळलेल्या बटाट्याला नाही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा ताल अगदीच सुटला. हॉटेलच्या मॅनेजरला गाठून त्यांनी विचारलं, की पाण्याचा पंप बंद पडला तर दुसरा आहे का. मॅनेजर म्हणाला, आहे. तो आपोआप सुरू होतो का? होतो. “मग तुमचं काय काम?” असं वैद्यबुवांनी त्याला अशा काही करुण आवाजात विचारलं, की तो बिचारा दिवसभर विचारात पडलेला दिसला. किनाऱ्यावर त्यांनी वहिनींच्या चपलांशेजारी स्वतःच्या चपला काढून ठेवल्या. “तुझ्या वाहून गेल्या तर या राहतील,” म्हणाले. मग दोन्ही जोड एकाच लाटेच्या वाटेत आहेत हे लक्षात येऊन एक जोड उचलून लांब नेऊन ठेवला, आणि संध्याकाळी तो सापडला नाही.

“मी काय म्हणतो,” पाण्याकडे बघत ते शेवटी म्हणाले, “एवढी वर्षं मी तिथे काय करत होतो?”

“अहो, काय बोलताय!”

“नाही, खरंच. मी नसलो तरी चालतं. मीच तसं करून दिलं. माझ्या हाताने.”

एरवी वहिनींनी टोमणा मारला असता. पण हा माणूस लाटेकडे बघत होता आणि त्याला लाट दिसत नव्हती. या सुट्टीसाठी त्यांनी सगळ्या कंपनीला दम भरला होता, आणि नवरा बरोबर असून हरवला होता. असल्या समुद्राला काय करायचं?

“मी खोलीतून टोपी घेऊन येते,” असं सांगून त्या उठल्या. हॉटेलच्या मागे धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या. त्यांच्या आड उभ्या राहून त्यांनी साहेबांना फोन लावला.

“साहेब, मी बोलतेय. एक विनंती आहे. जरा चमत्कारिक वाटेल तुम्हाला, पण यांना एक फोन करा. काहीतरी बिघडलंय म्हणा. खोटंच. छोटंसंच काहीतरी सांगा, पण जरा घाबरून सांगा.”

पलीकडे साहेबांना हुंदकाच फुटला.

“खोटं? वहिनी, अहो खोटं कशाला? इथे आग लागलीय! तुमच्या चष्म्याच्या भीतीने मी तोंड दाबून बसलोय! ते ‘उत्तम, मजा करा’ मी कसं लिहिलं ते माझं मला माहीत!”

“झालं तरी काय?”

“दोन पाणघोडे झालेत!”

हळूहळू उलगडा झाला. वहिनी निघाल्या त्याच दुपारी सिनेमा विकत घेणाऱ्या बाई कंपनीत आल्या होत्या. साहेबांना वाटलं, त्यांना जरा गंमत दाखवावी. वरचा प्लग रोजचाच झाला होता, म्हणून हौसेने त्यांनी जिन्यातली वायर ओढली. वरच्या सर्व्हरला वाटलं खालचा मेला, खालच्याला वाटलं वरचा मेला. दोघांनी साक्षीदाराला हाक मारली. साक्षीदार गप्प. मग ठरल्याप्रमाणे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलं, आणि दोघांनीही झारा उचलला.

“आम्हाला काही कळेचना, वहिनी. उलट इतकी शांतता कंपनीत कधी नव्हती. लेखिकाबाईंनी पाणघोड्याला उडी मारायला लावली, तो पाण्यातच राहिला. मामांनी त्याला काठावर बसवला, तो बसूनच राहिला. दोघं खूष! जिन्यात एकमेकांना नमस्कार करायला लागले. मला वाटलं, दोघांची तब्येत बरी नाही.”

“मग कळलं कसं?”

“सर्व्हरवरच्या जेवणाच्या याद्याही दोन झाल्या आणि जेवण दुप्पट आलं, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. वरच्यांनी आणि खालच्यांनी मीटिंगची खोली एकाच वेळी घेतली, तेव्हाही केलं. पण आज खरेदीवाल्या बाई पुन्हा आल्या. वर बसून त्यांनी पाणघोड्याची उडी बघितली, वा वा म्हणाल्या. चहाला खाली गेल्या, तर तिथल्या पडद्यावर पाणघोडा कोरडा ठणठणीत! मला विचारतात, हा एवढ्यात वाळला कसा?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“हे दोन भाग आहेत म्हटलं. पण आता लेखिकाबाई आणि मामा दोघांनाही कळलंय. दोघंही आपापल्या सर्व्हरला पाठ लावून उभे आहेत, कुणी बंद करू नये म्हणून. वहिनी, मी फोन करू का वैद्यबुवांना? चष्म्याचं काही करणार नाही ना?”

“लगेच करा,” वहिनी म्हणाल्या. “आणि मी फोन केला होता हे एका शब्दाने बोलायचं नाही.”

टोपी न घेताच त्या परतल्या. वैद्यबुवा अजून तसेच बसले होते. तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. खिशातून काढताना तो त्यांच्या हातातून वाळूत पडला, वाळूतून उचलताना पुन्हा पडला.

“हॅलो! काय? दोन? दोन्ही मुख्य?” वैद्यबुवा उभे राहिले. खांदे वर आले, पोट आत गेलं, आवाजाला धार चढली. “साहेब, घाबरू नका. आधी दोन्ही हात पाठीमागे घ्या. घेतले? आता मी सांगितल्याशिवाय एकाही वायरला हात लावायचा नाही. जिन्यातली तर नाहीच नाही. आता माझ्या टेबलाखाली बघा. तिथल्या यंत्राचा दिवा लागलाय?”

पलीकडून साहेबांचं वाकणं आणि कण्हणं वहिनींनाही ऐकू आलं. “अंधार आहे, वैद्यबुवा.”

वैद्यबुवांच्या चेहऱ्यावरून एक ढग सरकून गेला. त्यांनी चोरून बायकोकडे पाहिलं. वहिनी एका शिंपल्याकडे फार निरखून बघत होत्या.

“जुनं झालंय ते यंत्र,” वैद्यबुवा घसा साफ करून म्हणाले. “कधी कधी आपोआप बंद पडतं. ते सुरू करा.”

मग त्यांनी वाळूत काटकीने आकृत्या काढत सगळी कंपनी नाचवली. आधी दोन्ही पाणघोड्यांच्या नकला वेगळ्या डिस्कवर काढून घेतल्या. मग कात्रीमामांची समजूत घालून त्यांना सर्व्हरपासून बाजूला केलं आणि खालचा सर्व्हर थांबवला. जिन्यातली वायर लावून घेतली. साक्षीदार जागा झाल्यावर खालच्याला राखीव म्हणून पुन्हा उठवलं आणि वरच्याचं सगळं त्याच्यात उतरवून घेतलं. लाट आली की आकृती पुसली जाई आणि वैद्यबुवा ती न चिडता पुन्हा काढत. भोवती चार पोरं जमली होती, ती टाळ्या वाजवत होती.

“आता काय ऐकू येतंय?” शेवटी त्यांनी विचारलं.

“बाई आणि मामा जिन्यात भांडतायत.”

“जोरात?”

“फार जोरात.”

“मग झालं दुरुस्त,” वैद्यबुवा म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी ते दोन माणसांचं जेवले. तळलेले बटाटे मागवले, संपवले, पुन्हा मागवले. “मी कुणाला काही बोलत नाही,” प्रत्येक घासागणिक ते म्हणत होते, “पण स्वतः फोन केला साहेबांनी. आपणहून! काय करणार बिचारे.” वहिनी हो हो म्हणत होत्या. नवरा सापडला होता. आता लाट आली की तो तिच्याकडे बघत होता आणि “ही बघ, ही मोठी!” म्हणून त्यांना कोपराने ढोसत होता. वहिनींना इतकं हलकं वाटलं, की जग जागच्या जागी आहे ना हे जरा बघून घ्यावं म्हणून त्यांनी सहज आपला फोन काढला.

फोनवर काहीच नव्हतं.

तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की आल्यापासून दुकानातून आपल्याला एकही फोन आलेला नाही. त्यांनी नणंदेला निरोप पाठवला: दुकान कसं चाललंय? उत्तर लगेच आलं: झकास! आणि गंमत सांगू, वहिनी, ती कासवाच्या पाठीसारखी फ्रेम होती ना, कुणी घेत नव्हतं ती? आज विकली. तुम्ही अजून चार दिवस राहा.

वहिनींनी ते दोनदा वाचलं. ती फ्रेम विकायला त्यांनी काय काय केलं नव्हतं!

“काय गं, काय झालं?” वैद्यबुवांनी विचारलं.

“कुठे काय? सगळं छान आहे. तुमची बहीण अगदी छान चालवतेय दुकान.” वहिनींनी ताटली बाजूला सारली. “बरंच झालं की. माझ्यावाचून काही अडत नाही.”

वैद्यबुवांनी घास हातातच धरला. इतक्या दिवसांत त्यांना जे जे ऐकवलं गेलं होतं ते सगळं परत ऐकवायची ही नामी वेळ होती. पण त्यांनी बायकोच्या डोळ्यांत नीट पाहिलं, ताटलीतले बटाटे तसेच ठेवले आणि उठले.

“जरा वारं खाऊन येतो,” म्हणाले.

वारं खायला ते हॉटेलच्या मागे गेले. वहिनी बसल्या होत्या त्या खिडकीखालीच चादरी वाळत होत्या, आणि वैद्यबुवांना हळू बोलणं कधीच जमलं नव्हतं.

“अगं, मी बोलतोय. हो, दादा. एक काम कर, तुझ्या वहिनीला फोन लाव. काहीतरी सापडत नाही म्हण. काहीही गं! खोटंच. पण जरा रडवेली होऊन सांग.”

वहिनी खिडकीत तशाच बसून राहिल्या. त्यांना हसू आलं, रडू आलं, आणि या माणसाला आता काय करावं ते कळेना. वैद्यबुवा परत आले, इकडेतिकडे बघत खुर्चीत बसले आणि वाऱ्याबद्दल दोन शब्द बोलले. लगेच वहिनींचा फोन वाजला.

“वहिनी,” नणंद हसू दाबत, रडवेली व्हायची शिकस्त करत म्हणाली, “अहो, तो डोळे तपासायचा तक्ता कुठेच सापडत नाहीये हो. अक्षरांचा.”

तो तक्ता दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर होता. दाराएवढा होता. ज्यांना दुसरं काही म्हणून दिसत नसे त्यांनाही तो दिसे. हे वहिनींना ठाऊक होतं, नणंदेला ठाऊक होतं, आणि शेजारी साळसूदपणे बटाटा खाणाऱ्या माणसालाही ठाऊक होतं.

“समोरच्या भिंतीवर बघ!” वहिनी ताडकन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की पलीकडच्या टेबलावरची माणसंही वळून बघायला लागली. “समोरच्या! सापडला? नीट बघ. तरी मला वाटतच होतं! एक दिवस बाहेर पडायची सोय नाही. तुम्हा लोकांचं ना, माझ्यावाचून पान हलत नाही!”